तपकिरी बदकं

चिंचणवाडीचं तळं खटाव तालुक्याच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. तिथून पुढे थोडं चाललं की सातारा जिल्हा संपतो आणि सांगलीची हद्द लागते. तळं जुनं, मातीच्या बांधाचं. पाऊस बरा झाला तर हिवाळाभर पाणी टिकतं आणि उत्तरेकडची बदकं येऊन उतरतात. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले जोतिबा शेडगे थंडीचे सगळे दिवस सकाळी या तळ्यावर असायचे.

पक्ष्यांचा नाद त्यांना नोकरीत लागला. राजस्थानात असताना त्यांच्या पलटणीतल्या एका साहेबाला पाणपक्षी बघायची हौस होती. दुर्बिणीची तिवई उचलायला कोणीतरी लागायचं, म्हणून जोतिबा बरोबर जायचे. आधी हुकूम म्हणून गेले, मग साहेबाची बदली झाल्यावरही एकटेच जायला लागले. गावी आल्यावर लोक म्हणायचे, सुभेदारांची ड्युटी अजून संपली नाही, आता बदकांवर पाळत ठेवतात. जोतिबांना त्याचं काही वाटायचं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा वीरधवल, घरचा वीरू. तोही सैन्यात गेला. पहिल्या मोठ्या रजेवर आला तेव्हा त्याने वडिलांसाठी तिवईवर बसवायची मोठी दुर्बीण आणली. पुढे त्याचं लग्न झालं. सून तासगावकडची, पूजा नावाची. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच हिमाचलात रस्त्यावर दरड कोसळली आणि खाली सापडलेल्या गाडीत वीरधवल होता.

त्या वर्षी बदकं आली आणि गेली. जोतिबा तळ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. सोप्यात बसून समोरच्या रस्त्याकडे बघायचे. त्यांची बायको रंगूबाई चुलीपुढून उठली की गोठ्यात जायची, गोठ्यातून आली की परत चुलीपुढे. पूजाला माहेरचे न्यायला आले होते. ती म्हणाली, "थोडं दिवस जाऊ द्या." थोडे दिवस गेले, मग आणखी गेले. तिने गावच्या दूध संकलन केंद्रात काम धरलं आणि ती सासरीच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी तिने खुंटीवरची जुनी, गळ्यात अडकवायची दुर्बीण काढली, धूळ पुसली आणि सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"मामा, चला."

"कुटं?"

"तळ्यावर."

"नगं वाटतंय गं."

"मग मी एकटी जाते. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर जाते."

ती खरंच निघाली. पांदीच्या वळणापर्यंत पोचली तेव्हा मागून बुटांचा आवाज आला. जोतिबा मोठी दुर्बीण आणि तिवई खांद्यावर टाकून येत होते. ते पुढे झाले आणि ती त्यांच्या मागोमाग तळ्यापर्यंत गेली.

असं ते सुरू झालं. पहिल्या दिवसांत पूजाला सगळी बदकं सारखीच वाटायची. जोतिबांनी नरांपासून सुरुवात केली, कारण ते सोपे. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद, डोकं हिरवं. तलवार बदकाची शेपटी लांब, टोकदार. भुवई बदकाच्या डोळ्यावर पांढरी जाड रेघ, जशी कोणी चुन्याने ओढलीय. आठवड्याभरात तिला ते पाठ झाले आणि ती खूश झाली.

"आता माद्या," जोतिबा म्हणाले.

"त्या तर समद्या तपकिरीच हायत मामा."

"म्हणूनच. नराला कुणीबी वळखतंय. मादी वळखायची तर बसावं लागतंय."

मग ते बसायला लागले. गडवालाच्या मादीच्या चोचीला कडेने नारिंगी पट्टी असते आणि पंखात पांढरा चौकोन, पण तो पंख हलला तरच दिसतो. तलवारीची मादी मानेने लांब, चोच करड्या रंगाची, चेहरा कोरा, त्यावर काही खूण नाही. भुवईच्या मादीच्या चेहऱ्यावर पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाची मादी सगळ्यांत लहान, तिच्या शेपटीच्या बगलेला फिक्कट रेघ. पूजा चुकायची. जोतिबा म्हणायचे, "परत बघ." ती परत बघायची. बरोबर आलं की ते नुसती मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्याची तिला गोडी लागली.

घरात वीरधवलचं नाव कोणी घेत नव्हतं. तळ्यावर मात्र ते निघायचं. ही जागा त्याने दाखवली होती, त्या बाभळीवर तो लहानपणी चढायचा, एकदा त्याने चक्रवाकाच्या जोडीमागे धावून नवी चप्पल गाळात घालवली होती. जोतिबा पाण्याकडे बघत सांगायचे, पूजा पाण्याकडे बघत ऐकायची. एकमेकांकडे बघून ते दोघांनाही बोलता आलं नसतं.

असे तीन हिवाळे गेले. रंगूबाई कधी तळ्यावर आली नाही. येताना दोघांच्या तोंडावर थोडा रंग आलेला तिला दिसायचा, तेवढ्यावर ती समाधानी होती. भाकरी गरम ठेवायची आणि विचारायची, "आली का तुमची पाव्हणी?"

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडावर जोतिबांनी घरात एक गोष्ट काढली. धुळा नावाचा त्यांच्या पलटणीतला जुना हवालदार, मूळचा आटपाडीकडचा धनगर, आता सांगलीत एका कॉलेजवर पहारेकरी होता. त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जयराज नावाच्या माणसाबद्दल तो सांगून गेला होता. विश्रामबागेत स्वतःचं घर, बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही, स्वभावाने शांत. शेडग्यांच्याच नात्यागोत्यातलं घर.

"पूजाचं बघावं म्हणतो," जोतिबा म्हणाले.

रंगूबाईने परातीतलं पीठ तसंच ठेवलं. "पोरगं गेलं. आता सून बी तुमच्या हातानं घालवताय व्हय?"

"घालवत न्हाई. देतोय."

"लोक काय म्हनतील?"

"लोक आपल्या घरात जेवायला येत न्हाईत."

पूजा दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि म्हणाली, "मामा, मी हितंच बरी हाय. मला न्हाई जायाचं."

जोतिबांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. पण ते त्यांच्या पद्धतीने मागे लागले. तळ्यावर जाताना, येताना, जेवताना. आम्ही दोघं किती दिवस पुरणार, म्हणायचे. तुझं वय काय, म्हणायचे. शेवटी पूजाने त्यांच्या समाधानासाठी माणूस बघायला हो म्हटलं.

जयराज एका रविवारी आला. उंच, थोडा वाकून चालणारा. चहा घेताना फारसं बोलला नाही. रंगूबाई कप ठेवून मागच्या दारी निघून गेली ती परत आली नाही. बराच वेळ झाल्यावर तो पूजाला म्हणाला, "तुम्ही बदकं ओळखता असं धुळाअण्णा सांगत होते."

"थोडी वळखते."

"मला कावळा आणि चिमणी एवढंच कळतं. त्यात आता चिमण्या दिसत नाहीत."

पूजाला हसू आलं, ते तिने दाबलं. तो गेल्यावर तिला जाणवलं की तो माणूस वाईट नव्हता, आणि तो वाईट असता तर बरं झालं असतं. तिने संक्रांतीपर्यंत वेळ मागून घेतला. नाही कसं म्हणायचं, एवढंच तिला ठरवायचं होतं.

त्या हिवाळ्यात जोतिबांची एक सवय बदलली होती. आधी ते नाव सांगायचे आणि मग खूण. आता ते दुर्बिणीला डोळा लावायचे आणि म्हणायचे, "तू सांग बघू आधी." पूजा सांगायची. ते मान हलवायचे किंवा विचारायचे, "चोचीची कड बघितलीस?" तिला वाटायचं, मामा परीक्षा घेतात. चार वर्षांत आपण शिकलो, म्हणून आता आपल्याला पुढे करतात. तिला त्याचा अभिमानच वाटत होता.

संक्रांत जवळ आली होती. त्या सकाळी थंडी कडक होती आणि धुकं लवकर निवळलं. जोतिबांनी तिवई उभी केली, दुर्बीण बसवली आणि दगडावर बसून डोळा लावला. गाळाच्या कडेला चिखलात किडे टिपणारा एक वेगळा तुतवार पक्षी पळताना दिसला, म्हणून पूजा उतरून खाली पाण्याजवळ गेली. त्याला नीट बघितलं आणि सासऱ्यांना हाक मारायला मागे वळली.

मोठ्या दुर्बिणीचं तोंड तिच्याकडेच होतं. त्यावर काळं टोपण तसंच बसवलेलं होतं.

मागे जोतिबा डोळा लावून बसले होते. एका हाताने ते दुर्बीण हळूहळू डावीकडे फिरवत होते, रोजच्यासारखी.

"पूजा," ते म्हणाले, "तलवारीची जोडी मध्याला आलीया बघ. मादी डाव्या अंगाला हाय. मान बघ कशी लांब काढलीया."

पूजाने पाण्याकडे बघितलं. तळ्याच्या मध्यावर नेहमीच्या काळ्या वारकरी पाखरांशिवाय काही नव्हतं. तलवार बदकं ती दोघं येण्याआधीच पलीकडच्या काठाला गेली असावीत, तिथे ती माना पंखात घालून झोपली होती. पण रोज या वेळी ती मध्यावर असायची, हे खरं होतं. थापटे पाणकणसाजवळच्या उथळ पाण्यात, चक्रांग गाळाच्या कडेला, तलवारी मध्यावर. कोण कुठे असतं ते जोतिबांना पाठ होतं.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

"व्हय मामा," ती म्हणाली. "हाय."

ती तिथेच पाण्याजवळ उभी राहिली. वर जाऊन ते टोपण काढावं की नाही, हे तिला ठरवता येईना. हिवाळा सुरू झाल्यापासूनची प्रत्येक सकाळ तिला आठवू लागली. तू सांग बघू आधी. परत बघ. चोचीची कड बघितलीस. पांदीतून चालताना ते तिच्या थोडे मागे चालायचे, तिच्या पावलावर पाऊल ठेवून. सुभेदारांनी कधी कोणाच्या मागे चालावं असं नव्हतं.

सामान आवरायची वेळ झाली तेव्हा जोतिबांनीच दुर्बीण पिशवीत घातली. तिने त्यांच्या हाताकडे बघितलं नाही.

दुपारी जोतिबा रानात गेल्यावर ती रंगूबाईजवळ येऊन बसली. रंगूबाई सुपात पावटा निवडत होती.

"आत्या, मामांना दिसत न्हाई."

रंगूबाईचा हात थांबला नाही. निवडता निवडता ती म्हणाली, "कळलं म्हन की तुला."

"तुमाला ठावं व्हतं?"

"पावसाळ्यापासनं. च्या कपात वतायला गेलं आन् बशीत वतला. म्या धारंवर धरलं तवा बोललं. साताऱ्याला डागदराकडं जाऊन आलं हुतं एकटंच, पेन्शनीच्या कामाला जातो म्हनून. डोळ्याचा पडदा वाळत चाललाय म्हनं. मधलं समदं जानार. कडंचं तेवढं ऱ्हाईल. औषध न्हाई."

"आन् मला कुणीच सांगितलं न्हाई."

"तुला सांगू नगं म्हनून शपथ घातली. तुला कळलं तर तू जायाची न्हाईस, म्हनून."

पूजा सुपातल्या दाण्यांकडे बघत राहिली. तिला राग आला होता, पण कोणावर ते कळत नव्हतं.

"आत्या, तुमाला तर मी जाऊ नये असंच वाटत व्हतं. येवढं एक बोलला असता तर मी त्याच दिवशी न्हाई म्हणाले असते."

"ते का मला कळत न्हाई?" रंगूबाई म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. "कितींदा तोंडावर आलं. शपथेचं काय, शपथ मोडली असती म्या. पर तू माझ्या शेजारी झोपतीस. झोपंत तुझा हात बाजूला चाचपत असतोय. चार वरसं झाली, म्या बघतीया. कुणी घावत न्हाई आन् मग तू हात परत छातीवर घेतीस. मला म्हातारीला सोबत पायजे म्हनून त्यो हात तसाच ठेवायचा व्हय?"

रंगूबाईने पूजाच्या पाठीवरून हात फिरवला, मग पुन्हा सूप ओढून घेतलं, कारण पावटा निवडायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. तळ्याच्या अलीकडे शेडग्यांच्या भावकीतलं शाळूचं रान होतं. कणसं भरत आली होती आणि भारीट पाखरांचा थवा त्यावर उतरला होता. पिवळ्या पोटाची, चिमणीएवढी पाखरं. ज्वारी भरायला लागली की ती हजारोंनी येतात आणि शेतकरी डबे वाजवून त्यांना उठवतात. जोतिबा बांधावर थांबले. थवा एका रानातून उठून दुसऱ्यात पडताना जो आवाज होतो तो ते ऐकत होते.

"टोपण व्हतं नव्हं काल?" ते म्हणाले.

पूजा त्यांच्याकडे वळली.

"आवरताना हाताला लागलं. तवा कळलं. तुला आधीच दिसलं आसंल."

"व्हय."

"मग 'हाय' आसं का म्हणालीस? मध्याला काय नसणार. आसतं तर तू आधी सांगितलं असतंस."

पूजा शाळूकडे तोंड फिरवून उभी राहिली.

"पूजा, चार वरसं तू माझ्या चुकीला चूक म्हणालीस. मी बी तुझ्या म्हणालो. तेवढं एक आपल्यात ऱ्हाऊ दे. माझी समजूत घालायला बदकं नगं वापरूस."

"चुकलं मामा," ती म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "पर मी जाणार न्हाई. आता तर न्हाईच. तुमाला हाताला धरून कोण आणंल? आत्या बाहेरचं कसं बघतील? मी सांगलीला कळवते, जमणार न्हाई म्हणून."

जोतिबा बांधावर खाली बसले. हाताने जागा चाचपून बसले. आता तिच्यापुढे लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"ऐक," ते म्हणाले. "वीरू गेला. मला कुणी इचारलं न्हाई. डोळं चाललं, ते बी न इचारता. एक तू ऱ्हायलीस. तू तरी माझ्या मर्जीनं जा. एवढं एक मला माझ्या हातानं करू दे."

पूजा रडत राहिली. शाळूतून भारीटांचा थवा पुन्हा उठला आणि त्यांच्या डोक्यावरून गेला. जोतिबांनी मान वर केली, पण त्यांनी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने ते उठले आणि त्यांनी हात पुढे केला. पहिल्यांदाच तिने सासऱ्यांचा हात धरून त्यांना बांधावरून उतरवलं. त्या दिवशी ते तळ्यापर्यंत गेलेच नाहीत.

फाल्गुनात लग्न झालं. सांगलीला, कृष्णेच्या घाटाजवळच्या एका लहान देवळात, घरच्या माणसांपुरतं. पूजाचे आईवडील आले होते, पण कन्यादान जोतिबांनी आणि रंगूबाईने केलं. पुजाऱ्याने हातावर पाणी सोडायला सांगितलं तेव्हा रंगूबाईने नवऱ्याचं मनगट धरून हात बरोबर जागी नेला. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा गहिवरलाय. धुळा शेवटच्या रांगेत उभा राहून डोळे पुसत होता.

निघताना पूजा दोघांच्या पाया पडली. रंगूबाईने तिला उराशी धरलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी कानात सांगितलं. ते काय होतं ते पूजाने पुढे जयराजलाही कधी सांगितलं नाही. जोतिबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थंडीत या दोघं." एवढंच. मग ते धुळाच्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे चालायला लागले.

पूजा विश्रामबागेत रुळली. जयराज माणूस जसा दिसला होता तसाच निघाला, कमी बोलणारा, पण बोललेलं पाळणारा. वीरधवलचा फोटो तिने पेटीत ठेवला होता. तो बाहेर काढून समोरच्या खोलीत त्यानेच लावला, त्याच्या पहिल्या बायकोच्या फोटोशेजारी. पूजा रोज संध्याकाळी चिंचणवाडीला फोन करायची. फोन रंगूबाई उचलायची. पिकाचं, म्हशीचं, पावसाचं सांगायची. डोळ्यांचं विचारलं की म्हणायची, "हाय तसंच." तो आवाज ऐकून पूजाला कळायचं की तसंच नाही.

पुढच्या मार्गशीर्षात ती आणि जयराज गावी आले. रंगूबाईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेक माहेरी आल्यावर टाकतात तसा. जोतिबा घरी नव्हते.

"तळ्यावर हायत," रंगूबाई म्हणाली. "मी सोडून आले आन् सैपाकाला परतले. रोज मीच नेते. बदकं सांगायला बी बसते."

"तुमी, आत्या?"

"मग कोण? मला काय कळतंय त्यातलं? तपकिरी हाय म्हनते. ह्ये इचारत्यात, दुसरं? म्हनते, त्ये बी तपकिरी. मग चिडत्यात माझ्यावर." ती हसली आणि पदराने डोळे टिपत आत गेली.

जयराज घरी थांबला. पूजा एकटीच पांदीने निघाली. तळं त्या वर्षी काठोकाठ होतं. जोतिबा त्यांच्या नेहमीच्या दगडावर बसले होते. गळ्यात जुनी दुर्बीण होती, पण ती नुसती अडकवलेली. आणि ते तळ्याकडे तोंड करून बसलेच नव्हते. तोंड डावीकडे, बाभळीच्या बाजूला, पाणी उजव्या खांद्यापलीकडे. तिला वाटलं, आता त्यांना तळं कुठे आहे तेही कळत नाही.

पावलं ऐकून ते म्हणाले, "पूजा?"

"व्हय मामा."

"कवा आलीस?"

"आत्ताच."

"बस. बाभळीकडं बस, हितं समोर. ऊन येत न्हाई तिथं."

ती त्यांच्या समोर बसली. त्यांनी सांगितलं, समोर धरलं की मधे काळा डाग येतो आणि त्यात सगळं बुडून जातं. तोंड फिरवून बसलं तर पाणी डोळ्याच्या कडेला राहतं. तिथे अजून थोडं दिसतं. रंग नाही, खुणा नाहीत, पण काही उठलं, बसलं, हललं तर दिसतं. हे त्यांना उन्हाळ्यात हळूहळू कळत गेलं होतं. डाव्या अंगाने फार काही उरलं नव्हतं, उजवीकडून बरं होतं.

"बघ, आत्ता चार-पाच उडाली," ते म्हणाले. "लहान हुती. वळताना एकदमच वळली. चक्रांग असणार."

पूजाने वळून बघितलं. लहान बदकांचा एक घोळका पाण्यावर वळून पुन्हा खाली उतरत होता. त्यांच्या पंखांतला हिरवा पट्टा उन्हात चमकला.

"चक्रांगच हायत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्यांनी मान हलवली.

आता त्यांचा चेहरा थेट तिच्याकडे होता. हातभर अंतरावरून ते तिच्या डोळ्यांत बघत असावेत असं दिसत होतं. पण ते तिला बघत नव्हते. ती त्या काळ्या डागात बसली होती, आणि ते तिच्या पलीकडे, डोळ्याच्या कडेने, पाण्यावरची हालचाल टिपत होते. गाल थोडे आत गेले होते. दाढी एका बाजूला राहून गेली होती. इतका वेळ, इतक्या जवळून तिने सासऱ्यांचा चेहरा आजवर कधी बघितला नव्हता. लाज वाटली असती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायची गरज नाही हे लक्षात आल्यावर तर आणखीच वाहायला लागलं.

"सांगली कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय."

"आन् त्यो?"

"लय चांगला हाय, मामा."

"मग झालं," जोतिबा म्हणाले. उजवीकडे पाण्यावर काहीतरी मोठं उतरलं, पंख फडफडले, लाटा काठाला लागल्या. त्यांनी मान किंचित तिरकी केली. "हे कोण आलं?"

पूजाने दुर्बीण त्यांच्या गळ्यातून अलगद काढून घेतली आणि डोळ्यांना लावली. काचा ओल्या झाल्या. तिने पदराने पुसून परत लावल्या.

"थांबा जरा," ती म्हणाली. "बघतीया."